विकणे आहे : मॉरिस एट, मॉडेल 1936
(युद्धापूर्वीची सलून मोटार घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ)

ज्यांच्याकडे अजून एकही जुनी मोटार नाही, त्यांच्यासाठी हे पाठ आहेत. एक असलेल्यांना सांगून उपयोग नसतो. ते दुसरी शोधत असतात. दुसऱ्या महायुद्धाआधीची, डोक्यावर छप्पर असलेली, चार दारांची एखादी घरंदाज गाडी विकायला निघाली आहे असं कानावर आलं, तर भल्या माणसाने काय करावं, एवढाच आपला अभ्यासक्रम. उदाहरणादाखल मॉरिस एट घेतली आहे. रोल्स-रॉइस घेणाऱ्याला मार्गदर्शक लागत नाही, त्याच्याकडे वकील असतात.

पाठ पहिला : जाहिरात वाचणे

नमुना असा : “मॉरिस एट सलून, 1936. चार दरवाजे. मूळ अवस्थेत, चालू स्थितीत. पहिल्यापासून एकाच कुटुंबात. कागदपत्रे क्लिअर. खऱ्या शौकिनांनीच यावे. किंमत समक्ष.”

‘मूळ अवस्थेत’ म्हणजे 1936 पासून तिच्यासाठी कोणी काही केलेलं नाही. याच्या उलट ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ असं छापलं असेल, तर गेल्या दिवाळीत रंग मारला आहे असं समजा. ‘चालू स्थितीत’ हे विधान शेवटची चालवली त्या दिवसापुरतं खरं असतं आणि तो दिवस कोणता, हे जाहिरातीत नसतं. ‘खऱ्या शौकिनांनीच यावे’ याचा अर्थ घासाघीस करू नये. ‘एकाच कुटुंबात’ हे वाचून नवशिक्याला गहिवरून येतं. येऊ द्या, पण कुटुंबात किती जण आहेत ते आधी विचारा. आरसी बुकावर आजोबांचं नाव, आजोबा केव्हाच गेलेले, मागे तीन मुलगे, दोन मुली, त्यातली एक अमेरिकेत, आणि गाडी विकायला निघालेला हा नातू. या सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत गाडी आणखी मूळ अवस्थेत जाते.

कधी कधी ‘संस्थानिकांच्या वापरातील’ असंही असतं. मॉरिस एटच्या बाबतीत हे मनावर घेऊ नका. ही गाडी तालुक्याच्या डॉक्टरची, वकिलाची, फार तर मामलेदाराची. राजेसाहेबांच्या पागेत ती असलीच, तर ती दिवाणजींच्या मुलाला शाळेत सोडायला असेल.

आणि एक खूण पाठ करून ठेवा. कोणी ‘1943 ची शेवरोले, युद्धापूर्वीची’ म्हणून दाखवली, तर चहा घ्या आणि निघा. फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी नागरी गाड्या काढणं बंद केलं होतं. युद्ध संपेपर्यंत तिथे लष्करासाठीच काम चाललं. इकडे शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना 1928 पासून होता, पण तिथे गाड्या जुळवल्या जायच्या. सुटे भाग बोटीनेच यायचे. तेव्हा 1943 हे साल फक्त विकणाऱ्याच्या डोक्यात असतं.

पाठ दुसरा : गाडीची ओळख

विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा सायकल दुरुस्त करणारा माणूस. पुढे लॉर्ड नफील्ड झाला, हे वेगळं. 1932 साली फोर्डने इंग्लंडात मॉडेल वाय नावाची छोटी गाडी आणली आणि मॉरिसचं गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं. त्याला उत्तर म्हणून 1934 मध्ये मॉरिस एट निघाली. चार सिलिंडर, 918 सीसी, साइड व्हॉल्व्ह, तीन गेर. पहिल्या दोन मालिका 1938 पर्यंत चालल्या आणि दोन लाखांहून जास्त गाड्या खपल्या. त्यानंतरच्या गाडीचे हेडलाइट मडगार्डात बसवलेले आहेत. सुट्या दिव्यांचे डोळे हवे असतील तर त्याआधीचीच बघा.

नावातले आठ म्हणजे आठ घोडे. पण हे घोडे सरकारी. इंग्लंडात गाडीवरचा कर घोड्यांवर असे आणि घोडे मोजायची रीत अशी, की सिलिंडरचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. पिस्टन वरखाली किती अंतर जातो याची चौकशीच नाही. मग कारखानदारही शहाणे झाले. सिलिंडर अरुंद आणि लांब करू लागले. मॉरिस एटचा व्यास 57 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90. करापुरते घोडे आठ, प्रत्यक्षात निघतात साडेतेवीस. इंजिनाला कमी वेगात ओढ बरी, पण पळवायला गेलात तर पिस्टनला दर फेऱ्यात एवढी लांब ये-जा करावी लागते, की ते ठणाणा करतं. सपाट रस्त्यावर नव्वदच्या आसपास तिची धाव संपते. हा कर लावणाऱ्यांचं राज्य इथून गेलं. खंबाटकी घाटात त्याची वसुली अजून चालू आहे.

पाठ तिसरा : बघायला जाणे

बरोबर काय न्यावं : टॉर्च, लोहचुंबक, दाभण, जमिनीवर आडवं व्हायला एक पोतं आणि मोटारींचा मनापासून तिटकारा असलेला एक मित्र. यातला मित्र सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहाल तेव्हा तो विचारेल, “हे चालतं का?” तुम्हाला हा प्रश्न सुचणार नाही.

सकाळी लवकर जा. आदल्या दिवशी फोन करून सांगा, की गाडी सुरू करून ठेवू नका, आम्ही आल्यावर करू. पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या भरात तळहात हळूच बॉनेटवर ठेवा. कोमट लागला तर समजा, तुम्ही येण्याआधी तासभर इंजिनाची मनधरणी झाली आहे. गरम इंजिन कोणाचंही सुरू होतं. गार इंजिन सुरू करून दाखवण्यातच विकणाऱ्याची परीक्षा असते.

आता चुंबक काढा. मागच्या मडगार्डावर फिरवा. जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटेल, जिथे लांबी भरली आहे तिथे घसरून खाली पडेल. विकणारा बाजूलाच उभा असतो.

“चुंबक कशाला आणलंत, काका?”

“काही नाही, खिशात होतं.”

“आजोबांच्या वेळचा रंग आहे हो.”

“आजोबा लांबी चांगली भरायचे.”

इथे संबंध थोडे ताणले जातात, पण व्यवहार पुढे सरकतो.

त्या काळच्या कित्येक गाड्यांत पत्र्याच्या आड लाकूड असे : दारात, छताखाली, पायाखालच्या फळ्यांत. विलायतेत त्याला ओल लागते, बुरशी येते. आपल्याकडे वाळवी लागते. मोटारीला वाळवी लागते यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही, म्हणून दाभण. दार उघडा, ते थोडं वर उचलून बघा. खाली लोंबत असेल तर एक तर बिजागरीची खीळ झिजली आहे किंवा ती ज्या लाकडात बसली आहे त्याचा भुगा झाला आहे. दाभण टोचा. अडलं तर बरं. लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, तर तुम्हाला गाडी नव्हे, तिचा पत्र्याचा अंगरखा विकला जातो आहे. इंजिन बिघडलं तर बांधता येतं. सांगाडा गेलेली बॉडी पुन्हा उभी करायला मोटारीची जाण असलेला सुतार लागतो आणि असा सुतार सापडला तर त्याच्या हातात आधीच कुणाची तरी गाडी असते. माझं मत विचाराल तर बंद इंजिनाची, पण दारं नीट लागणारी गाडी घ्यावी. सुरेख चालणारी, पण दारं दोरीने बांधलेली घेऊ नये.

पोत्यावर आडवे होऊन खालून बघा. तेल गळताना दिसेल. न गळणाऱ्या जुन्या गाडीत तेल नसतं.

ब्रेकचा पेडल दाबल्यावर तळाला टेकला, तर विकणारा म्हणेल, “दोन-तीनदा दाबला की लागतो.” वाद घालू नका. मॉरिस एटला लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत, हे तिचं भाग्य. त्याच काळातल्या ऑस्टिन सेव्हनवाल्यांना केबल ओढून थांबावं लागे. मॉरिसच्या ब्रेकमधली रबरं वाळून गेली असतील, ती बदलता येतात. पण स्टिअरिंग पाव फेरा फिरवल्यावर चाकाला बातमी पोचत असेल, तर किंगपिनपासून सगळं बघावं लागेल आणि ते स्वस्तात होत नाही.

मग दिवे. वीज सहा व्होल्टची. हेडलाइट लागलेत की नाही, हे खाली उतरून समोर जाऊन बघावं लागतं. रात्री चालवण्याचा विचार सोडून द्या. वळायची खूण द्यायला दारामागच्या खांबातून पिवळा हात बाहेर पडतो, त्याला ट्रॅफिकेटर म्हणतात. हा हात बाहेर आला की पोरं टाळ्या वाजवतात आणि मागचा स्कूटरवाला त्याच बाजूने ओव्हरटेक करतो. आपला स्वतःचा हात बाहेर काढून दाखवलात, तर हल्लीच्या लोकांना वाटतं तुम्ही त्यांना थांबवून पत्ता विचारताय.

किल्ली फिरवल्यावर टिकटिक ऐकू येईल. दचकू नका, तो पेट्रोलचा विजेचा पंप. कार्बोरेटर भरला की टिकटिक थांबायला हवी. थांबतच नसेल, तर पेट्रोल भलतीकडे जातं आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. आणखी एक : हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1936 साली जन्मलेल्या रबराला ते मानवत नाही. नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम नव्या जातीच्या रबराचे बसवून घ्या, मूळ भागांच्या प्रेमात इथे तरी पडू नका.

त्या काळच्या छोट्या गाड्यांत रेडिएटरचं पाणी फिरवायला पुष्कळदा पंप नसे. गरम पाणी आपसूक वर चढतं, गार खाली उतरतं, या नियमावर कारभार चाले. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली, की फेरा तुटतो आणि इंजिनाला ताप चढतो. मोकळ्या रस्त्यावर ही युक्ती छान चालते. दादरच्या सिग्नलला उभं राहून ती करून बघू नये.

पाठ चौथा : हँडल मारणे

हा पाठ आरशासमोर करायचा नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ते स्वतः बघा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. हँडब्रेक ओढा. चोक ओढून, इग्निशन बंद ठेवून, हँडल दोन-तीन फेरे सावकाश फिरवा, म्हणजे पेट्रोल आत जाईल. मग इग्निशन चालू. आता हँडल खालच्या बाजूला आणा आणि एका झटक्यात वर ओढा. वरून खाली दाबायचं नाही आणि गोल गोल तर मुळीच फिरवत बसायचं नाही. मुठीत धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती गुंडाळू नका. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा फेरा घेतं, हँडल मागे फटकारतं आणि गुंडाळलेला अंगठा मोडतो. एकलव्याने दिला तो गुरूला. मॉरिसला देण्याचं कारण नाही.

तोवर भोवती माणसं जमलेली असतात. त्यातला एक “धक्का मारू का?” म्हणेल. नाही म्हणू नका.

गाडी सुरू झाली, की चालवणं सोपं आहे. फक्त वरच्या दोन गेरांना सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गेर टाकलात, तर दातांचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो. चढावर चालत्या गाडीत पहिला पडायचा असेल, तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग गेर. तेवढ्यात गाडी थांबलेलीच असते. म्हणून शेजारच्या सीटवर धडधाकट माणूस आणि त्याच्या पायाशी चाकामागे लावायला उटीचा दगड, हे घाटातलं मूळ सामान समजावं.

पाठ पाचवा : मिस्त्री

गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही.

नवा पोरगा चालेल का? हुशार असेल, कॉम्प्युटर जोडून बिघाड काढणारा असेल, पण मॉरिसला कॉम्प्युटर जोडायला जागा नाही. आणि बोल्टची एक गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच बंदूकवाली कंपनी कॉव्हेंट्रीत आली. युद्ध संपल्यावर बंदुका कोण घेणार, म्हणून ती मॉरिससाठी इंजिनं बनवू लागली आणि 1923 मध्ये मॉरिसने ती विकतच घेतली. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक पडायचे. पण इंग्लंडातल्या गराजांत पाने व्हिटवर्थ मापाचे. मग तोडगा निघाला : आटे मेट्रिक, डोकं व्हिटवर्थ. परिणाम असा, की डोक्यावर आजचा पाना नीट बसत नाही आणि जुना व्हिटवर्थ बोल्ट त्या भोकात जात नाही. जातो, पण दोन आट्यांपुरता. पुढे नव्या पोराचा जोर लागतो आणि भोकाचे आटे सपाट होतात.

जाणता मिस्त्री वेगळं करतो. बोल्ट आधी हाताने लावतो. चिमटीत धरून फिरवतो, कानाजवळ नेत नाही, पण चेहरा तसाच असतो. बोटांनी जाईल तेवढा जाऊ देतो. अडला की थांबतो, काढतो, फडक्याने पुसतो, डब्यातून दुसरा काढतो. त्या डब्यात बिस्किटांच्या पुड्याएवढा एक बोल्टांचा ढीग असतो, तो त्याची खरी इस्टेट. असा माणूस भेटला, तर त्याला गाडी दाखवायला न्या आणि तो काय बोलतो यापेक्षा किती वेळ गप्प राहतो ते बघा. शेवटी म्हणेल, “शेठ, पार्ट मिळायचा नाही. बनवावा लागंल.” याचा अर्थ त्याने काम घेतलं.

पार्ट अगदीच मिळत नाहीत असंही नाही. ब्रिटनमध्ये युद्धापूर्वीच्या मॉरिसवाल्यांचा मॉरिस रजिस्टर नावाचा क्लब आहे आणि एवढ्या गाड्या खपल्यामुळे तिकडे पुष्कळ भाग पुन्हा बनवले जातात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईला चोरबाजार आहे, कुर्ल्याचं भंगार आहे. तिथे मॉरिसचा म्हणून जो भाग मिळतो तो बहुधा फर्ग्युसन ट्रॅक्टरचा निघतो, पण दिवस चांगला जातो. ओतीव काम करून घ्यायचं तर कोल्हापूर.

पाठ सहावा : किंमत

आधी सातवा पाठ वाचा.

पाठ सातवा : कागद

आरसी बुक हातात घ्या. त्यावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंकाअंकाने ताडून बघा. गाडीवरचा नंबर रंगाखाली गाडला गेला असेल, तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. आरटीओत चॅसी प्रिंट काढतात तशी. ऐंशी-नव्वद वर्षांत इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही. त्याची नोंद नसणं ही मात्र पुढची सगळी डोकेदुखी आहे. ‘बुक हरवलंय, पण करून देऊ’ म्हणणाऱ्याला आधी करून द्यायला सांगा, बयाणा नंतर.

जुलै 2021 पासून केंद्राचे वेगळे नियम लागू आहेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि फारशी फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरली जाते. ज्या गाडीची जुनी नोंदणी आहे तिला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवायची तर ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पुढच्या नोंदणीला 5,000. या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची.

यातच नवशिक्यांची एक लाडकी योजना बुडते. “लग्नसराईत भाड्याने देऊ, खर्च निघेल.” या नोंदणीवर धंदा करायला परवानगी नाही. नवरदेवाला हौस म्हणून, मित्राचा मुलगा म्हणून बसवा, पण पावती फाडू नका.

आता किमतीकडे या. जेवढ्याला गाडी घ्याल तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी निराळी काढून ठेवा, आणि तेवढी बाजूला निघत नसेल तर पहिलीही देऊ नका. कागद स्वच्छ असलेली, वाळवी न लागलेली, बंद पडलेली गाडी ही कागद नसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त मोलाची. विकणारा उलट सांगेल. सगळे वारस एकाच दिवशी एकाच खोलीत सह्या करायला बसणार असतील, मिस्त्री तयार असेल आणि घरी दहा फूट रुंदीची, वर छप्पर असलेली कोरडी जागा असेल, तर मॉरिस घ्या. यातलं एक जरी नसेल, तर त्याच पैशात बऱ्यापैकी सेकंडहँड हॅचबॅक मिळते. तिला एसी असतो, सिंक्रोमेश सगळ्या गेरांना असतं आणि तिच्या बोल्टचा पाना कुठल्याही गराजात मिळतो.